कसरीनं खाल्लेलं पान

संपादकांचं पत्र आलं. दिवाळी अंकासाठी त्यांना "मांजरांच्या डॉक्टरीणबाईंच्या गमतीजमती" हव्या आहेत. त्यांच्या दोन चुका आधी दुरुस्त करते. एक, मी मांजरांची डॉक्टर कधीच नव्हते. तंजावर जिल्ह्यातल्या सरकारी गुरांच्या दवाखान्यांत माझी नोकरी झाली. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या हे माझं गिऱ्हाईक. मांजर आणणारे लोक पिशवीत लपवून, मागच्या दारानं यायचे. दोन, माझ्याकडे गमती फारशा नाहीत. मला भांडायचं आहे. निवृत्त बाईला भांडायला एवढी पानं कोणी देत नाही, म्हणून मी लगेच होकार कळवला.

आणखी एक सांगून ठेवते. आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि कागदावर इंग्रजी, असा आमचा तिपेडी संसार. आमच्या पिढीत देवनागरी वाचता येणारे मोजकेच. मला वडिलांनी मारून मुटकून शिकवली आणि त्या एका गोष्टीचा मला तरुणपणी फार तोरा होता. या लेखातली माझी वेडीवाकडी वाक्यं पुण्याच्या मावसबहिणीनं सरळ केली आहेत. राग मात्र माझाच ठेव असं तिला बजावलं होतं.

तर भांडण एका बाटलीशी आहे. परवा शेजारच्या घरी मांजराच्या पिसवांचं औषध पाहिलं. हिरवं पान, त्यावर दवबिंदू, आणि खाली लिहिलेलं: नैसर्गिक, रसायनमुक्त, म्हणून सुरक्षित. ते 'म्हणून' वाचलं की माझं डोकं फिरतं. धोतरा नैसर्गिक आहे. कण्हेर नैसर्गिक आहे. नागसुद्धा कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. पण बाटलीवर पान छापलं की माणसाची अक्कल गहाण पडते, आणि ती बाटली ज्याच्या अंगावर ओतायची त्याला वाचता येत नाही.

ही बाटली मी पहिल्यांदा पाहिली ती नव्वदनंतरच्या वर्षांत. देशाचे दरवाजे उघडले असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे ते उघडल्याची खूण म्हणजे घरोघरी केबलची तार, वसाहतीतल्या बंगल्यांत पांढरे केसाळ कुत्रे, आणि ओरत्तनाडूच्या माझ्या दवाखान्यात टाय लावून आलेला एक विक्रेता. बाहेर शेळ्यांची रांग, आत एक म्हैस वार पडत नाही म्हणून हंबरते आहे, आणि हा गृहस्थ शेणातून बूट उचलत माझ्या टेबलाशी आला. बाटलीत कडुनिंब, कापूर, निलगिरी आणि गवती चहाचं तेल होतं. कुत्रा, मांजर, ससा, सगळ्यांना चालतं म्हणाला. मांजराला कसं चालतं असं विचारलं, तर तो हसून म्हणाला की मॅडम, हर्बल आहे. त्याला मी हाकलून दिलं असं लिहायला फार आवडलं असतं. खरं असं की त्यानं दिलेलं कॅलेंडर मी भिंतीवर लावलं. वर्षभर त्यातली निळ्या डोळ्यांची पांढरी मांजर माझ्याकडे बघत होती.

आता धंद्यातली गोष्ट साध्या शब्दांत सांगते, कारण ती कोणी सांगत नाही.

पिसू हा चेष्टेचा विषय नाही. मोठ्या मांजराला नुसती खाज सुटते, पण महिन्याच्या पिल्लाच्या अंगावर पन्नास पिसवा असल्या तर त्या त्याचं रक्त पिऊन त्याला मारू शकतात. पिल्लाची हिरडी गुलाबी असायला हवी. ती पांढरी दिसली की समजावं, वेळ थोडा आहे. तेव्हा पिसवा घालवायच्या हे खरंच. प्रश्न कशानं घालवायच्या हा.

माणसाच्या, गाईच्या, कुत्र्याच्या पोटात तेल-कापरासारखं काही गेलं की यकृत त्याला एक प्रकारची साखर चिकटवतं आणि लघवीवाटे बाहेर घालवतं. मांजराच्या यकृताला ते काम नीट जमत नाही. देवानं त्याला शुद्ध मांसाहारी केलं, झाडपाल्याचा निचरा करायची सोय दिलीच नाही. त्यामुळे जे तुम्हाआम्हाला औषध, ते त्याच्या अंगात साठत जातं. त्यात मांजर स्वच्छतेचं वेडं. पाठीवर लावलेलं सगळं तासाभरात जिभेनं पोटात नेतं. म्हणजे मांजराला तेल लावणं आणि मांजराला तेल पाजणं यात काही फरक नाही. आज एक थेंब जिरला म्हणून उद्या दुसरा लावतात, परवा तिसरा, आणि चौथ्या दिवशी ते अडखळायला लागतं. तेव्हाही लोक म्हणतात की दृष्ट लागली.

कुत्र्याची पिसवांची पावडर मांजराला लावणारेही तेवढेच गुन्हेगार आहेत, हे इथेच सांगते. नाहीतर उद्या कोणी म्हणेल की डॉक्टरीणबाई कारखान्यांची बाजू घेतात. मी कोणाचीच बाजू घेत नाही. मी मांजराची घेते.

हे ज्ञान मला कॉलेजात मिळालं असेल अशी तुमची समजूत असेल. आम्हाला गाईच्या चार पोटांवर महिनेच्या महिने शिकवलं. मांजरावर जे शिकवलं ते एका दुपारी संपलं. दवाखान्याच्या रजिस्टरात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी आणि कुत्रा एवढे रकाने होते. मांजर आलं की 'इतर'मध्ये. तिथे मांजराच्या वर एकदा देवळातला हत्ती होता आणि खाली कोणाचा तरी पोपट. सुया होत्या त्या म्हशीच्या कातडीत खुपसायच्या, जाड. मांजराला सलाईन द्यायची वेळ आली तेव्हा मी बालरोगतज्ज्ञांच्या दारात उभी राहून तान्ह्या मुलांची सुई मागून आणली. त्यांनी रोगी कोण आहे हे ऐकलं आणि त्यांची नर्स तोंडाला पदर लावून आत गेली.

त्यातच घरगुती उपचारवाले. पापनाशमचे एक निवृत्त हेडमास्तर होते, करारी माणूस, गावात दरारा. मांजराला आतून पिसवांचा बंदोबस्त करायचा म्हणून ते त्याला लसूण खायला घालायचे. मांजर लसूण खाईना, तर दहीभातात वाटून. शिस्त म्हणजे शिस्त. महिन्याभरात मांजर कागदासारखं पांढरं पडलं. लसणानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, हे मी सांगितलं तेव्हा मास्तरांनी मला विचारलं की तुम्ही कुठल्या साली पास झालात. मी साल सांगितलं. ते म्हणाले, मी त्याच्या आधीपासून लसूण खातो आहे. ते मांजर वाचलं. मास्तरांच्या सूनबाई लसूण वाटल्याचं नाटक करायला लागल्या म्हणून वाचलं.

हे सगळं मी पुढे वर्षानुवर्षं भाषणांतून सांगत आले. आणि प्रत्येक भाषणात शेवटी एक गोष्ट सांगायची, ती वेंकोबामामांची. तीच आता सांगते, पण या वेळी पूर्ण.

वेंकोबामामा आमच्याच लोकांतले. सख्खे नव्हेत, पण आमच्यात थोरल्या माणसाला मामा म्हटलं की नातं लागतंच. ताडपत्राच्या पोथ्या सांभाळणं हे त्यांचं काम. जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत खापरपणजोबांच्या पोथ्या पडलेल्या असतात. कोणाला वाचता येत नाहीत, पण टाकवतही नाहीत. अशी घरं आपल्या पोथ्या मामांकडे ठेवायची. मामा एकेक पान मऊ कुंच्यानं झाडायचे, त्याला गवती चहाचं तेल लावायचे, सावलीत वाळवायचे, मग लाल फडक्यात वेखंडाचा तुकडा घालून गाठ मारायचे. त्या तेलानं पान लवचीक राहतं आणि कसर लागत नाही. कसर म्हणजे पानं पोखरणारी कीड, पोथीवाल्याची जन्माची वैरीण. मामांचा एकच अभिमान होता. त्यांच्या हाती आलेलं एकही पान कसरीनं खाल्लं नव्हतं. आणि एकच नियम होता. लिहिलेलं काही नष्ट करायचं नाही. किराण्याची यादीसुद्धा ते फाडत नसत, दोऱ्यात ओवून ठेवत.

घरात मामा, अंबूमामी आणि मैना. मैना ही मांजर. तिला पक्ष्याचं नाव कारण ती सारखी बोलायची. मामी बोलायच्या, ती उत्तर द्यायची. मूलबाळ नव्हतं, मामा दिवसभर पोथ्यांत डोकं घालून बसलेले, तेव्हा त्या घरातलं बोलणं म्हणजे त्या दोघींचं. शिवाय मैना कामाची होती. उंदीर कसरीहून वाईट, पुडकीच्या पुडकी कुरतडतात. मैना आल्यापासून मामांच्या कपाटाला उंदराचं तोंड लागलं नव्हतं.

ही गोष्ट ती बाटली यायच्या आधीची, मी नोकरीत नवी असतानाची. एका रविवारी सकाळी मामा सायकलरिक्षातून माझ्या घरी आले. मांडीवर टोपली, वर पोथीचं लाल फडकं. फडकं उचलायच्या आधीच मला वास आला. गवती चहाचा, गोड, झणझणीत. एरवी तो वास मला आवडायचा. आत मैना होती. तोंडातून लाळेची तार, डोळ्यांची बुबुळं मोठी, मागचे पाय एकमेकांत अडकत होते, आणि अंग गार. तिच्या पोटाशी तीन पिल्लं, तीन आठवड्यांची, त्यांनाही तोच वास. पिल्लांवर पिसवा फार झाल्या होत्या म्हणून मामांनी चार दिवस रोज मैनेला तेल लावलं होतं. मानेपासून शेपटीपर्यंत, चोळून, पोथीचं एकही पान चुकवत नसत तसं.

मी तिला कोमट पाण्यात साबणानं धुतलं, पुसलं, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून भोवती ठेवल्या. तान्ह्या मुलांची सुई होती, तिनं कातडीखाली ग्लुकोज-सलाईन दिलं. यावर उतारा असा नाहीच. ऊब द्यायची, पाणी द्यायचं आणि शरीर स्वतः काय करतं ते बघायचं. हात चालू होते आणि तोंडही. ओट्यावर माझ्याकडे आलेले दोन शेतकरी होते, शेजारीण होती, त्या सगळ्यांसमोर मी मामांचा पाणउतारा केला. वयाचा मुलाहिजा ठेवला नाही. तोपर्यंत मला मांजराच्या यकृताची गोष्ट एका जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडून काही महिने झाले होते, आणि नवं ज्ञान अंगात आलं की माणूस दुसऱ्यांना फार टोचतो.

"कोण सांगट्लं तुम्हांस हे?" मी विचारलं. रागावले की मी आमच्या बोलीवर येते.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली टोपलीकडे पाहिलं.

"जुन्या पोथींत आहे, डॉक्टरम्मा."

"कोणती पोथी? मज दाखवा."

"ते पान आतां नाही," ते म्हणाले. "कसर खाऊनु टाकली."

शेजारीण पटकन त्यांच्याकडे वळून बघायला लागली. मला तेव्हा त्यातलं काही जाणवलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की पुरावा मागितला की यांची पोथी बरोबर नेमकी तिथेच खाल्लेली असते.

मैना दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. एक पिल्लू तिच्या आधी गेलं. मामी माझ्या पडवीत दोन्ही दिवस बसून होत्या. त्या मैनेशी बोलत होत्या आणि ती उत्तर देत नव्हती. शेवटी त्यांनी तिला आपल्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दुःखात आहेत असं मी समजले.

राहिलेल्या दोन पिल्लांना मी खरं औषध दिलं, आणि ते तुम्हीही लिहून घ्या, कारण त्याची जाहिरात कोणी करणार नाही. उवांची फणी. बारीक दातांची, लाकडी, आपल्या आज्या जिनं आपले केस ओढायच्या ती. पिल्लू मांडीवर घ्यायचं, फणी फिरवायची, पिसू अडकली की साबणाच्या पाण्यात बुडवायची. रोज. शिवाय मांजर झोपतं ती फडकी उकळत्या पाण्यात धुवायची, उन्हात टाकायची, कोपरे झाडून केर लगेच बाहेर टाकायचा. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, त्यांची अंडी सगळी अंथरुणात असतात. वैशाखातलं तंजावरचं ऊन एवढं एकच नैसर्गिक औषध मी डोळे मिटून लिहून देईन. पण हे सांगितलं की लोकांची तोंडं पडतात. फणी? ऊन? मग डॉक्टरकडे कशाला आलो? त्यांना बाटली हवी असते. मामांनी मात्र फणी घेतली. दोन महिने दर आठवड्याला पिल्लं दाखवायला आणायचे आणि फणी सदऱ्याच्या खिशात. पिल्लं वाचली.

आणि मला माझी गोष्ट मिळाली. आमच्या लोकांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात सांगितली, शेतकरी मेळाव्यात सांगितली, शाळांत सांगितली. पुढे ती बाटली आली तेव्हा तिच्या कंपनीला पत्रं लिहिली, त्यातही लिहिली. कंपनीचं उत्तर आलं की आमचं तेल शुद्ध केलेलं आहे, पोथीतल्या गावठी तेलाशी त्याची तुलना नको. म्हणजे माझीच गोष्ट त्यांनी माझ्यावर उलटवली. मी आणखी चिडले आणि आणखी जोरात सांगायला लागले. पोथ्यांत काय वाटेल ते लिहिलेलं असतं, आणि जे सांभाळतात त्यांना ते पान कसर खाऊन जाईपर्यंत पत्ता नसतो, असं म्हणायची. लोक हसायचे. नाव घेत नसे, पण तंजावर केवढं ते. पुढच्या वर्षभरात दोन घरांनी मामांकडून आपल्या पोथ्या परत नेल्या. का नेल्या हे मी विचारलंसुद्धा नाही. मला ते कळलं तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं.

मामा पुढे बरीच वर्षं जगले. रस्त्यात भेटले की हात जोडून "डॉक्टरम्मा, क्षेम आहां?" असं विचारायचे. मैनेचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

ते गेल्यावर तीनेक महिन्यांनी अंबूमामींनी मला बोलावलं. उरलेल्या पोथ्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या होत्या, आणि फडक्यांवरच्या देवनागरी चिठ्ठ्या वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. आम्ही दोघी सकाळपासून बसलो. मामी गाठ सोडायच्या, मी नाव वाचायची. पायाशी मैनेची पणती झोपली होती. एकेक पोथी उघडून बघितली. मी मुद्दाम बघत होते, भोकं शोधत होते. पानं काळपट झाली होती, कडा झिजल्या होत्या, पण भोक एकाही पानाला नव्हतं. मी मामींना म्हटलं, मामा तर म्हणाले होते की एक पान कसरीनं खाल्लं. मामी उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक लहानसं पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

लाल फडकं, आत वेखंड. दोन कोऱ्या ताडपत्रांच्या मध्ये एक लग्नपत्रिका दोऱ्यानं बांधलेली. पापनाशमच्या एका लग्नाची, मैना मेली त्याच्या आदल्या वर्षीची. मी ती उलटली. पाठीमागे निळ्या शाईत देवनागरी. वेलांट्या वरपर्यंत नेलेल्या, वडिलांनी शिकवल्या तशा.

'मांजरास पिसवांकरिता. गवती चहाचे तेल दहा थेंब, चमचाभर खोबरेल तेलात. मानेपासून शेपटीपर्यंत चोळून लावणे. रोज, सात दिवस.' खाली माझी सही, आणि नावाच्या आधी, ठळक, डॉक्टर.

मला आठवलं. आठवलं म्हणजे सगळं नाही. पंगत, पानात पोळी, मला ओरत्तनाडूची बस गाठायची घाई. शेजारी बसलेल्या मामांनी विचारलं होतं की घरात नवं मांजर आणलं आहे, पिसवा आहेत, आमच्या पोथीचं तेल चालेल कां? मी त्याच आठवड्यात गाईंना तेच तेल माश्यांसाठी लावून पाहिलं होतं आणि गुण आला होता. गाईला चालतं तर मांजराला का नाही, असं मला वाटलं. तेवढंसुद्धा वाटलं का, शंकाच आहे. न चालायला काय झालं, आपल्या पूर्वजांचं तेल आहे, असं काहीतरी बोलले. मामा म्हणाले होते, लिहूनु दे. आणि मी चार लोक बघत असताना, ऐटीत, देवनागरीत लिहून दिलं. मामा सोडले तर ती विद्या माझ्याशिवाय पंगतीत कोणाला नव्हती. त्या वर्षी पिसवा आपोआप कमी झाल्या आणि मामांनी चिठ्ठी ठेवून दिली. पुढच्या वर्षी पिल्लं झाली तेव्हा काढली, आणि अक्षरन् अक्षर पाळली.

"तुम्ही मज कां सांगट्लं नाही?" मी विचारलं.

मामींनी पुडक्यातला वेखंडाचा तुकडा हातात घेतला. "त्या दिवशीं घरीं येऊनु मी भांडले त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, मांजर गेलं ते येणार नाही. ही आमच्या लोकांतली पहिली डॉक्टर मुलगी. दवाखान्यांत नवी आहे. ओट्यावर चार माणसं होती. हिचंच लिहिणं म्हणूनु सांगट्लं, तर उद्यां हिच्याकडे गाय कोण आणील?"

"मग ही चिठ्ठी तरी जाळायची होती."

"लिहिलेलं जाळायचं नाही," मामी म्हणाल्या, जणू मी काहीतरी असभ्य बोलले.

मी तिथे बसून रडले, हे लिहायला मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. सगळा जन्म मी हिरव्या पानाच्या बाटलीवर संतापले. न तपासता विकतात, मांजराला गाय समजतात, लोकांच्या विश्वासावर पोट भरतात, असं म्हणत आले. त्यातला एकेक शब्द खरा आहे आणि आजही मी तो परत घेणार नाही. पण त्या कंपनीच्या आधी तेच मी केलं होतं. माझ्या बाटलीवर पान नव्हतं, माझी सही होती. आणि विश्वास ठेवणाऱ्या माणसानं वर माझं पाप स्वतःच्या पोथीवर घेतलं. ज्याच्या हातून एक पान खराब झालं नव्हतं, त्यानं चार लोकांत सांगितलं की माझं पान कसर खाऊन गेली. त्या पोथीवाल्याला याहून मोठी नामुष्की नव्हती. मी ती गावभर सांगत फिरले, वर लोकांना हसवलं.

मामी पदरानं डोळे पुसून पुन्हा पुडकं बांधायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि पेन मागितलं. जुन्या पोथीत चूक सापडली की मूळ अक्षर खोडत नाहीत, बाजूला दुरुस्ती लिहितात. हे मला मामांनीच कधीतरी सांगितलं होतं. पत्रिकेवर माझ्या सहीखाली थोडी जागा होती. मी लिहिलं: वरील उपचार चुकीचा आहे. मांजरास कोणतेही तेल लावू नये. याने मैना आणि तिचे एक पिल्लू गेले. मग पुन्हा सही केली, या वेळी नुसतं नाव, पुढे डॉक्टर न लावता.

मामींनी वेखंड आत ठेवला, दोन कोरी पानं जुळवली. फडक्यावर नेहमीसारखी नावाची चिठ्ठी लावायची होती. आत काय आहे ते बाहेर लिहायचं, हा मामांचा नियम. मामींनी कागदाचा तुकडा माझ्यापुढे केला. मी तो मांडीवर सरळ केला. मग लिहिलं: वेंकोबाराव यांच्या हातचे पान. कसरीने खाल्लेले नाही.